एलएसडी घ्यायचाय? आधी चाकाकडे बघा

ईद होऊन आठवडा झाला असेल. रात्री आपाचा फोन आला. आवाज दबलेला. "उद्या घरी ये. फोनवर बोलण्यासारखं नाही."

गेलो. दूल्हाभाई ड्युटीवर होते. आपाने पाणी दिले, दार लोटले आणि हळूच म्हणाली, "तुझा भाचा रात्री कुणाशी तरी बोलत होता. एलएसडी मागवायचाय, बाहेरून येईल, लाखाच्या वर जाईल, घरी इतक्यात कळू द्यायचं नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं." पुढे तिला बोलवेना. ज्या शहरात नशेच्या गोळ्यांना पोरे 'बटन' म्हणतात आणि दर महिन्याला कुणाच्या तरी अटकेची बातमी येते, तिथे आईला दुसरे काय सुचणार?

मी म्हणालो, "आपा, पोराला बोलाव. आणि त्याच्या गाडीची किल्ली घेऊन ये."

हा एलएसडी म्हणजे 'लिमिटेड स्लिप डिफरन्शियल'. गाडीच्या दोन चाकांमध्ये ताकद वाटून देणारा एक दातेरी यंत्रभाग. आपाच्या जिवात जीव आला. पण दहाच मिनिटांत दुसरा प्रश्न उभा राहिला: लाखाच्या वर रुपये, आणि तेही गाडीच्या अशा भागासाठी जो बाहेरून दिसतसुद्धा नाही? हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरातून झाला आहे. तरुण मुलगा आणि जुनी वेगवान गाडी एकाच छपराखाली असलेली घरे आपल्याकडे कमी नाहीत.

गाडी कोणती ते आधी सांगतो. पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, हाताने बदलायचे पाच गिअर. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या तोंडी अजून बसलेल्या औरंगाबादच्या, माणसाला या गाडीचे वेगळे सांगायला नको. 2001 पासून जालना रोडवरच्या शेंद्रा एमआयडीसीत ती जोडली जाऊ लागली आणि शहरातल्या शेकडो घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. दूल्हाभाईंनी तिथे उमेदीची वर्षे काढली. ज्या जातीची गाडी त्यांच्या हाताखालून गेली, तीच पुढे जुन्या बाजारातून त्यांनी घेतली. पोराचा जीव तिच्यात अडकला आहे तो यामुळे. नाहीतर या किमतीत दुसऱ्या पुष्कळ गाड्या आल्या असत्या.

आता डिफरन्शियल. तो समजायला महागडी गाडी लागत नाही, दारातली रिक्षा पुरते. ती रिक्षाही बहुधा आपल्याच वाळूजच्या बजाज कारखान्यातून निघालेली असते. शहागंजच्या गर्दीत रिक्षा जागच्या जागी वळते, तेव्हा बाहेरचे मागचे चाक मोठा फेरा मारते आणि आतले जवळजवळ तिथेच फिरते. दोन्ही चाके एकाच सळईला पक्की जोडलेली असती, तर एकाला घासत जावे लागले असते. डिफरन्शियलमधली छोटी दातेरी चाके दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. युक्ती जुनी आहे. 1820 च्या दशकात फ्रान्सच्या पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते. रिक्षा गिअरमध्ये ठेवून मागची दोन्ही चाके उचला आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरे उलट दिशेला फिरेल. हा साधा, म्हणजे 'ओपन' डिफरन्शियल.

त्याची खोड एकच, पण मोठी. तो दोन्ही चाकांना सारखीच ओढ देतो, आणि ती ओढ किती हे ठरते ज्या चाकाची पकड कमी त्याच्यावरून. समजा, वळणावर आतल्या चाकावरचा भार हलका झाला आणि ते 300 न्यूटन-मीटरपेक्षा जास्त सोसू शकत नाही. बाहेरचे चाक 900 सोसू शकते. ओपन डिफरन्शियल दोघांना 300 देणार. एकूण 600. तुम्ही पाय कितीही दाबा, जास्तीची ताकद आतल्या चाकाच्या नुसत्या फिरण्यात जाते. टायर चिरकतो, धूर निघतो, गाडी मात्र पुढे सरकत नाही. चिखलात रुतलेल्या जीपचे एक चाक गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म राहते, तेही याच कारणाने.

1930 च्या दशकात ऑटो युनियनच्या रेस गाडीला हाच आजार होता. फर्डिनांड पोर्शे यांनी झेडएफ या जर्मन कंपनीकडून त्यावर इलाज करून घेतला. तिथून लिमिटेड स्लिपची चाल सुरू झाली. दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादेत ठेवायचा आणि जास्तीची ओढ पकड असलेल्या चाकाकडे वळवायची.

पोराला मी विचारले, "तुझं चाक कुठं फिरतं?"

"म्हैसमाळच्या घाटात, मामू. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना. आतलं."

"समृद्धीवर?"

"तिथं नाही."

तिथे फिरणारच नाही. समृद्धी महामार्गाची मर्यादा ताशी 120 किलोमीटर, रस्ता बहुतेक सरळ, वरचा गिअर. या डिफरन्शियलचे तिथे काही काम नाही. जालना रोडच्या सिग्नलवरून निघतानाही नाही. त्याचे काम तीव्र वळणातून जोरात बाहेर पडताना, नाहीतर दोन चाकांखाली वेगवेगळा पृष्ठभाग असताना. तेव्हा आधी कागदावर लिहा: चाक नेमके कुठे, कोणत्या गिअरमध्ये, कोणत्या वळणावर, कोरड्यात की ओल्यात फिरते. हे लिहिता येत नसेल तर भाग विकत घ्यायची वेळ आलेली नाही.

मग मी गाडीखाली वाकलो. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. 2317 असेल तर 2017 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. या गाडीच्या पुढच्या दोन टायरांची सालेही जुळत नव्हती. एक तर इतका जुना की रबर नखाने दबेना. पुढचा एक शॉकअब्सॉर्बर तेल गाळत होता. म्हणजे आतले चाक रस्त्यावर नीट टेकतच नव्हते, आणि त्यावर उपाय म्हणून पोरगा गिअरबॉक्स उघडायला निघाला होता! जगातला कोणताही डिफरन्शियल पकड तयार करत नाही. टायरने मिळवलेली पकड तो वाटून देतो, एवढेच. शिवाय पुढच्या दोन टायरांची झीज किंवा हवा वेगळी असेल तर लिमिटेड स्लिप सरळ रस्त्यावरही सतत झगडत राहतो, आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाते.

एवढे झाल्यावरही घ्यायचाच असेल तर प्रकार समजून घ्यावे लागतात. बाजारात सगळ्यांना एकच नाव आहे, आणि फसगत तिथेच होते.

पहिला प्रकार खरे तर डिफरन्शियलच नव्हे. आतले फिरणारे चाक ब्रेकने हळूच धरायचे, म्हणजे बाहेरच्याला ओढ मिळते. 2017 मध्ये भारतात आलेल्या 230 अश्वशक्तीच्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये 'एक्सडीएस प्लस' नावाची अशीच सोय होती. रस्त्यावरच्या वापराला ती छान चालते. घाटात अर्धा तास गाडी जोरात हाकली की ब्रेक तापतात आणि ताकद उष्णतेत जाते, ही तिची मर्यादा. ज्यांच्या नव्या गाडीत ही सोय आधीच आहे त्यांनी खिशात हात घालण्यापूर्वी महिनाभर थांबावे, असे माझे मत.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. 2020 मध्ये फक्त 200 गाड्या आयात झालेल्या 245 अश्वशक्तीच्या आरएसमध्ये तो होता. एका बाजूला अनेक चकत्यांचा क्लच, तो पंपाच्या दाबाने आवळला जातो, आणि किती आवळायचा ते संगणक ठरवतो. फोक्सवॅगन समूहाने 2013 च्या गोल्फ जीटीआयपासून तो वापरला. काम सुरेख. पण तो गाडीबरोबरच यायला हवा. जुन्या गाडीत बसवायचा म्हणजे वायरिंग, संगणक, सेन्सर, सगळेच बदलायचे. त्या वाटेला जाऊ नये.

तिसरा चकत्यांचा, म्हणजे क्लच-प्लेट. रेसवाल्यांचा आवडता. चकत्यांवर आधीपासून स्प्रिंगचा दाब ठेवता येतो, त्याला प्रीलोड म्हणतात. त्यामुळे एक चाक हवेत असले तरी दुसऱ्याला थोडी ओढ मिळतेच. तो वन-वे, दीड-वे आणि टू-वे अशा तऱ्हांचा येतो. वन-वे फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवळतो, टू-वे पाय काढल्यावरही तेवढाच आवळतो, दीड-वे मधला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत टू-वे बसवला, तर वळणात पाय काढल्यावरही गाडी सरळ जाऊ पाहते. घाटात सरळ म्हणजे कुठे, ते सांगायला नको. या चकत्या झिजतात. तेल लवकर बदलावे लागते, आणि त्यात घर्षण जुळवणारे खास द्रव्य लागते. ऑक्टेव्हियासारख्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणजे चकत्यांचा भुगा गिअर आणि बेअरिंगमधूनही फिरतो. घरच्या गाडीला हा प्रकार मी तरी सुचवणार नाही.

चौथा हेलिकल. यात चकत्या नाहीत, तिरप्या दातांची चाके आहेत. ओढ आली की ती एकमेकांवर आणि भिंतीवर दाबली जातात आणि त्या घर्षणातूनच काम होते. या घराण्यातला प्रसिद्ध टॉर्सन, त्याचे पेटंट अमेरिकेच्या व्हर्नन ग्लीझमन यांनी 1958 मध्ये मिळवले. पुढे ऑडीच्या क्वाट्रो गाड्यांनी ते नाव घरोघर नेले. शेंद्र्यात जोडणी होणाऱ्या ऑडी क्यू7 मध्ये पुढची आणि मागची जोडी यांच्या मधोमध असाच आपोआप आवळणारा यांत्रिक डिफरन्शियल असतो. दोन चाकांच्या मध्ये बसवायला ब्रिटनच्या क्वाइफसारख्या कंपन्या हेलिकल बनवतात.

याचा हिशेब 'बायस रेशो'ने होतो. तो 2.5 असेल तर कमी पकडीच्या चाकाला जितके, त्याच्या अडीच पट दुसऱ्याला देता येते. आपल्या उदाहरणात आतल्याला 300, बाहेरच्याला 750, एकूण 1,050. ओपनमध्ये हेच 600 होते. फरक केवढा! पण आतले चाक पूर्ण हवेत उचलले गेले तर? शून्याची अडीच पट शून्यच. म्हणून हेलिकल घेणाऱ्याने शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंग आधी नीट कराव्यात. झीज जवळपास नाही, वेगळे तेल लागत नाही, स्टिअरिंगला धक्केही कमी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, रोज वापरायच्या टर्बो गाडीला माझी पसंती हीच.

आणखी एक प्रकार आहे, तो पूर्ण लॉक होणारा. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात शेतावर जाणाऱ्याला खरा उपयोग त्याचा. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या मागच्या धुरीत मिळणारा यांत्रिक लॉक दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की स्वतःहून बसतो. फोर्स गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाने लावायचे लॉक आहेत. कोरड्या डांबरावर ते लावून वळू नये, टायर आणि धुरी दोघांनाही त्रास. वेगवान गाडीवाल्याने या वाटेला जाऊच नये. शेतकऱ्याने मात्र गाडी घेताना हे आवर्जून विचारावे. सनरूफपेक्षा ते कामाला येईल.

एक धोका विकणारे सहसा सांगत नाहीत. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत सुटले तरी दुसरे गाडीला आडवे घसरण्यापासून धरून असते. लिमिटेड स्लिप आवळलेला असताना ओल्या रस्त्यावर पाय जास्त पडला तर दोन्ही चाके एकदम सुटतात. पुढून चालणारी गाडी वळण सोडून बाहेर जाते, मागून चालणारीचे शेपूट फिरते. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल आणि धूळ मिसळलेली असताना, हे घाटात शिकायचे नसते. आणि घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठी: चकत्यांचा किंवा लॉक होणारा डिफरन्शियल असलेल्या गाडीचे एकच चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नका. जमिनीवरचे चाक गाडीला जॅकवरून खाली ओढू शकते.

दूल्हाभाई घरी आले तोवर चर्चा पैशांवर आली होती. भागाची किंमत, परदेशातून आणण्याचे भाडे, कस्टम ड्युटी, गिअरबॉक्स उतरवून उघडण्याची मजुरी, नवी बेअरिंगे, सील आणि तेल. हे सगळे मिळून लाखाच्या पुढे सहज जाते. पोराने क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांचा बेत केला होता. "शौकासाठी सूद?" दूल्हाभाईंनी दोन शब्दांत तो विषय मिटवला. हलाल कमाईतून, घरचे हक्क देऊन केलेल्या शौकाला मी इसराफ म्हणणार नाही. पण टायर टकले ठेवून आत लाखाचा भाग बसवणे, त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

कायद्याचेही बोलणे झाले. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसी बुकातली माहिती मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 च्या निकालात हेच स्पष्ट केले. डिफरन्शियलची नोंद आरसीत नसते, पण त्याच्या जोडीने लोक इंजिन बदलतात, तिथे गाडी अडकते. शिवाय 15 वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्याने करताना आरटीओत तपासणी होते. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. लपवला तर अपघातानंतर दावा अडवायला त्यांना आयते कारण मिळते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम 189 आहे: पहिल्या गुन्ह्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याला खरोखर जोरात हाकायची आहे त्याच्यासाठी कोइम्बतूरचा करी स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. लांब आहेत, पण तिथे समोरून एसटी येत नाही.

राहिले बसवण्याचे काम. या जुन्या ऑक्टेव्हियाच्या गिअरबॉक्समध्ये क्राउन व्हील डिफरन्शियलला रिव्हेटने ठोकलेले असते. ती रिव्हेटे ड्रिलने काढून मजबूत बोल्ट लावायचे, टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळायचे, मग बेअरिंगवरचा दाब शिम घालून जुळवायचा. शिम अंदाजाने घातला तर हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये गिअरबॉक्स रडायला लागतो. हे काम कुणी "चार तासांत करून देतो" म्हणाला, तर चहा पिऊन निघून यावे. आधी असे किती गिअरबॉक्स उघडले, मापे कशाने घेतली, हे सरळ विचारावे. चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही.

जुना, वापरलेला एलएसडी घेणार असाल तर तो चकत्यांचा आहे की हेलिकल, ते आधी विचारा. चकत्यांचा असेल तर एक बाजू घट्ट धरून दुसरी फिरवायला किती जोर लागतो ते टॉर्क पान्याने मोजता येते. सहज फिरला तर चकत्या संपल्या. हेलिकल हाताने सहजच फिरतो, त्यावरून त्याला खराब समजू नये. त्याचे दात आणि आतल्या भिंती उघडूनच पाहाव्या लागतात.

आमच्याकडे काय झाले? चार नवे टायर आले, पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले, अलाइनमेंट झाली. पोराने बचतीतले अर्ध्याहून कमी पैसे मोडले. पुढच्या रविवारी आम्ही तिघे खुलताबादवरून म्हैसमाळला गेलो. पूर्वी चार वळणांवर फिरणारे चाक एकाच वळणावर फिरले, तेही त्याने मुद्दाम पाय जास्त दिला म्हणून. त्याला हेलिकल अजून हवाच आहे, आणि त्या एका वळणापुरते त्याचे म्हणणे खोटे नाही. पण गाडीचा क्लच आता उताराला लागला आहे. तो बदलायला गिअरबॉक्स उतरेलच, तेव्हा उतरवण्याची मजुरी दोनदा पडणार नाही. तोपर्यंत दर महिन्याला पगारातून थोडे बाजूला टाकायचे ठरले आहे. क्लच अजून वर्षभर ओढेल असे दूल्हाभाई म्हणतात. पोरगा म्हणतो, सहा महिने.

आपाची एकच अट आहे. फोनवर बोलताना यापुढे पूर्ण नाव घ्यायचे.